नाव बदलून आलेला शत्रू

गेल्या पावसाळ्यात निगडीतील आमच्या वाचकमंडळापुढे आम्ही एक सूचना ठेविली होती. जॉन बन्यन या इंग्रज ग्रंथकाराचे ‘द होली वॉर’ हे रूपक पुढील महिन्यात वाचनास घ्यावे, एवढीच ती सूचना. परंतु मंडळातील सुशिक्षित, सुस्वभावी आणि एरवी वादास कचरणाऱ्या स्नेह्यांनी ती एका वाक्यात निकालात काढली. “मिशनऱ्यांचा माल आपल्या घरात कशाला?” असा त्यांचा सवाल होता, आणि त्यास उत्तर अपेक्षित नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुसरी एक हकीकत आमच्या कानी आली. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर राबणारा, मराठवाड्यातून आलेला एक तरुण आमच्या ओळखीचा आहे. रात्रपाळी, भाड्याची खोली आणि उद्याच्या कामाची शाश्वती नाही, अशा एकाकी दिवसांत तो एका प्रार्थनासभेस जाऊ लागला. तेथे त्यास माणसे भेटली, आजारपणात कोणी पेज आणून दिली, आणि त्याबद्दल त्या माणसांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु तेथील एका उपदेशकाने त्यास असेही सांगितले की, तुझ्या आईच्या देव्हाऱ्यात सैतान ठाण मांडून बसला आहे. मुलगा गणपतीला गावी गेला, तो आईच्या हातचा घास न घेता परत आला.

या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात; आमच्या मते ती एकच गोष्ट आहे. वाचकमंडळास शत्रू ख्रिस्ती पुस्तकात दिसला, उपदेशकास तो हिंदू आईच्या देव्हाऱ्यात दिसला. दोघांनीही त्याचा शोध परक्याच्या घरात केला. आणि मौज अशी की, जे पुस्तक एका पक्षाने उघडूही दिले नाही आणि ज्याच्या परंपरेचा हवाला दुसरा पक्ष देतो, तेच पुस्तक दोघांनाही खोटे ठरविते.

प्रथम मालाच्या परकेपणाविषयी. बन्यन १६२८ साली बेडफर्डजवळच्या एका खेड्यात जन्मला. फुटकी भांडी सांधण्याचा बापाचा धंदा त्याने चालविला, तरुणपणी पार्लमेंटच्या सैन्यात शिपाईगिरी केली, आणि परवान्यावाचून धर्मोपदेश केल्याबद्दल १६६० पासून सुमारे बारा वर्षे तुरुंगात काढली. त्याचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हा ग्रंथ १६७८ साली निघाला, आणि हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिक्रमण’ या नावाने तो मराठीत आणला. म्हणजे बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने १८५७ साली मराठी कादंबरीचा पाया घातला, त्याच्याही पूर्वी बन्यन मराठी बोलू लागला होता. त्याहून मागे जावयाचे तर फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्याची ओवी आमचीच आहे. चारशे वर्षे जे आमच्या भाषेत नांदत आहे, त्यास दारातच परका म्हणून अडविणे हे संस्कृतिरक्षण नव्हे, विस्मरण होय.

आता ग्रंथाविषयी. ‘द होली वॉर’ १६८२ साली प्रसिद्ध झाला. मनुष्याचा आत्मा ही त्यात एक नगरी आहे. ईश्वराने ती वसविली. तिच्या मध्यभागी एक गढी आहे, ती म्हणजे हृदय. आणि तिला कान, डोळा, मुख, नाक व स्पर्श अशी पाच द्वारे आहेत. सैतान ती घ्यावयास येतो. पण बन्यनने त्या नगरीच्या तटास एक विलक्षण गुण दिला आहे. बाहेरचा कितीही बलाढ्य राजा आला, तरी आतील रहिवाशांच्या संमतीवाचून तो तट ढासळत नाही, की एकही द्वार उघडत नाही. म्हणून सैतान तोफा आणीत नाही. तो कानाच्या द्वाराशी येतो आणि गोड बोलतो. नागरिक आपल्या हाताने द्वार उघडतात. मग बुद्धी नावाच्या नगरप्रमुखाच्या वाड्यापुढे उंच मनोरा बांधून त्याचा प्रकाश अडविला जातो, सदसद्विवेक नावाच्या दप्तरदारास कामावरून दूर केले जाते, आणि इच्छा नावाचा सरदार नव्या धन्याचा कारभारी होतो.

ज्याने स्वतः सैन्याची चाकरी केली, त्यास वेढा म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको होते. आम्हां या पट्ट्यातील लोकांसही ते शिकवावयास नको. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा याने मूठभर शिबंदीच्या बळावर तो भुईकोट सुमारे छप्पन्न दिवस लढविला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि कोट पडला. खानाने फिरंगोजीस बादशाही चाकरी देऊ केली आणि त्याने ती नाकारली, असे परंपरा सांगते. बन्यनचे रूपक ज्यास समजावून घ्यावयाचे असेल, त्याने त्या पडक्या तटाशी क्षणभर उभे राहावे. दगडामातीचा कोट सुरुंगाने पडतो. त्यास कोणाची संमती लागत नाही. पण फिरंगोजीच्या आत जी दुसरी गढी होती, तिचे द्वार आतून बंद होते. खानाचा सुरुंग तेथवर पोहोचला नाही.

परंतु या ग्रंथाचे खरे मर्म पुढे आहे. नगरी एकदा शत्रूच्या तावडीतून सुटल्यावर सैतानाचे हस्तक तिच्यात पुन्हा शिरतात, ते उघड्या तोंडाने नव्हे. ते नावे बदलून चाकरीस राहतात. लोभ आपले नाव ‘काटकसर’ असे सांगतो, विषयवासना ‘निरुपद्रवी करमणूक’ म्हणविते, आणि क्रोध ‘सदुत्साह’ या नावाने दारात उभा राहतो. ही युक्ती बन्यनच्याही पुष्कळ आधीची आहे. इसवी सन ४०० च्या सुमारास प्रुडेन्शियस नावाच्या स्पेनमधील लॅटिन कवीने ‘सायकोमाखिया’, म्हणजे आत्म्याचे युद्ध, हे काव्य रचिले. त्यातही लोभ हरू लागताच मितव्ययाचा वेष घेतो. आणि क्रोधाची शस्त्रे क्षमेच्या चिलखतावर मोडतात, तेव्हा तो आपल्याच हाताने आपला प्राण घेतो. बाराशे वर्षांच्या अंतराने दोघां कवींनी एकच इशारा दिला: दुर्गुण कधी स्वतःच्या नावाने येत नाही.

ही कसोटी घेऊन आपण आपल्याच परिसरात फिरून पाहू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि पाहता पाहता भोसरीपासून चाकणपर्यंतची शेते कारखान्यांखाली गेली. त्या कारखान्यांनी हजारो घरांत अन्न नेले. ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. परंतु एकाच यंत्रावर एकच काम करणाऱ्या दोन माणसांपैकी एकास कायमची नोकरी आणि दुसऱ्यास काही महिन्यांचे कंत्राट, या व्यवस्थेस हिशेबाच्या वहीत कोणते नाव आहे? १९७० साली कंत्राटी कामगारांविषयी जो कायदा झाला, त्याच्या शीर्षकातच ‘नियमन व निर्मूलन’ असे शब्द होते. निर्मूलन तर राहोच, पद्धत फोफावली. आणि तिला आम्ही सारे सुशिक्षित लोक ‘खर्चात बचत’ म्हणतो. बन्यनच्या नगरीत हा काटकसरराव मन नावाच्या गृहस्थाच्या घरी चाकरीस राहिला होता. तो अजून तेथेच आहे.

आणि क्रोध? ज्या उपदेशकाने मुलास आईपासून तोडले, तो आपल्या कृत्यास क्रोध म्हणणार नाही. तो त्यास प्रभुकार्याची कळकळ म्हणेल. ज्या गृहसंस्थेने, केवळ नाव ख्रिस्ती आहे म्हणून, एका परिचारिकेस भाड्याने जागा नाकारली, तिचे सभासदही त्यास द्वेष म्हणणार नाहीत. ते त्यास धर्माभिमान म्हणतील. अशी एक गृहसंस्था आम्ही राहतो त्या परिसरातच आहे, आणि तेव्हा आम्ही तोंड उघडले नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे. आमच्या त्या मौनासही आम्ही एक सुरेख नाव शोधले होते: ‘समंजसपणा’.

संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात श्रद्धावंताच्या ढाल-तलवारीचे वर्णन आहे. त्या पत्राचा आधार घेऊन परधर्मीयांवर शाब्दिक शस्त्रे परजणाऱ्यांनी तो अध्याय नीट वाचावा. ही लढाई हाडामांसाच्या माणसांशी नाही, असे तेथेच स्पष्ट बजावले आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये मराठी, मल्याळी, तामीळ अशा अनेक भाषांत ख्रिस्ती उपासना होतात, आणि त्यांतील बहुतेक लोक शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट न दाखविता आपली भक्ती करीत आले आहेत. त्यांनी तो अध्याय नीट वाचला आहे, एवढाच याचा अर्थ.

येथे कोणी म्हणेल की, बन्यन स्वतः तरी कोठे निर्दोष आहे? मुळीच नाही. ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’मध्ये त्याने पोप आणि मूर्तिपूजक धर्म यांना एका गुहेत बसलेले दोन राक्षस केले आहेत. तेथे त्याचे रूपक मेले, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण तेथे त्याने आत वळविलेली तलवार बाहेर वळविली. पण हा दोष केवळ त्याचा नाही. आपल्या कृष्णमिश्राने अकराव्या शतकात ‘प्रबोधचंद्रोदय’ हे रूपकात्मक नाटक लिहिले. त्यात विवेक आणि महामोह हे दोन राजे लढतात, आणि ते दोघेही मन नावाच्या एकाच बापाचे पुत्र आहेत: एक निवृत्तीचा, दुसरा प्रवृत्तीचा. शत्रू सावत्र भाऊ आहे, तो घरातच जन्मला आहे, यापेक्षा खोल विचार या विषयात कोणी क्वचितच मांडला असेल. परंतु त्याच कृष्णमिश्राने तिसऱ्या अंकात जैन व बौद्ध भिक्षूंची टिंगल मांडली, आणि तेवढ्या भागात त्याचे नाटक तत्त्वज्ञानावरून पंथाच्या भांडणावर उतरले. दोन धर्म, दोन खंड, सहा शतकांचे अंतर. उंची एकच आणि घसरणही एकच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. युद्ध आत आहे असे सांगणे म्हणजे गरिबास गप्प बसविणे नव्हे काय? कंत्राटदार पगार कापतो आणि तुम्ही कामगारास षड्रिपू जिंकावयास सांगता! असा उपदेश जो करील तो दांभिक होय, हे आम्हांस मान्य आहे. पण बन्यन गप्प बसला होता काय? यापुढे उपदेश करणार नाही, एवढे एक वचन त्याने दिले असते, तर तो केव्हाच घरी गेला असता. त्याने ते दिले नाही. आणि आमच्या शेजारच्या देहूत ज्या वाण्याने आपल्या मनाशी अहोरात्र झुंज घेतली, त्या तुकोबांनी जगातील दंभावर कोरडे ओढण्यात कधी कुचराई केली काय? ज्याची आतली गढी शाबूत आहे, तोच बाहेरच्या अन्यायापुढे ताठ उभा राहतो. षड्रिपूंची यादी प्रथम मालकाच्या आणि त्याच्या व्यवस्थापकाच्या भिंतीवर टांगली पाहिजे, कामगाराच्या खोलीत मागाहून. आणि आमच्या दिवाणखान्यात त्याहीपूर्वी.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. आत्म्याच्या युद्धाचे रूपक हे आरशासारखे आहे. ते स्वतःपुढे धरले तर उपकारक आहे. खिडकीसारखे शेजाऱ्याच्या घराकडे धरले की ते रूपक राहत नाही, चिथावणी होते. ज्याने ते ख्रिस्ती म्हणून फेकून दिले त्याने आरसा फोडला, आणि ज्याने ते परधर्मीयांवर रोखले त्याने आरशाची काच हत्यार म्हणून वापरली.

बन्यनच्या ग्रंथात सदुत्साहाचे नाव घेतलेला क्रोध ज्या वृद्धाच्या घरी चाकरीस राहिला, त्याचे नाव ईश्वरभय. त्या म्हाताऱ्याने चाकराची पारख लवकरच केली आणि त्यास घराबाहेर घालविले. नगरीतील मोठमोठे सरदार फसले. हा एक फसला नाही, कारण आपल्या घरात कोण राहते हे तो स्वतः तपाशीत होता. ग्रंथाच्या अखेरीसही शत्रूचे काही हस्तक नगरीच्या कानाकोपऱ्यांत दडलेलेच राहतात, ते रहिवाशांनी जागे राहावे म्हणून.

वाचकमंडळाच्या पुढील बैठकीत आम्ही आमची सूचना पुन्हा मांडणार आहो. आणि त्या तरुणास आम्ही पत्र लिहून एवढेच कळविले आहे की, बाबा रे, तू कोणाचीही प्रार्थना कर, त्याबद्दल आमचा शब्दही नाही. पण दिवाळीत घरी जा, आईच्या पंक्तीस बैस, आणि सैतान शोधावयाचाच असेल तर ज्याने तुला तिच्या ताटावरून उठविले त्याचे खरे नाव काय, हे प्रथम विचार.