पैसेवारीत न मावणारा दुष्काळ

आपत्तीच्या काळातील आरोग्यसेवेविषयी मराठवाड्यात एक समज इतका मुरलेला आहे की, तो निव्वळ समज आहे याचीही आठवण कोणी ठेवत नाही. आपत्ती हा अपवाद आहे, ती आली की तात्पुरती सोय उभी करावी, जिल्ह्याला न पेलणारे रुग्ण वरच्या रुग्णालयाकडे पाठवावेत आणि ती ओसरली की मांडव उतरवावा, असा हा पूर्वपक्ष आहे. जालन्यापुरता त्याला भूगोलाचाही टेकू मिळतो. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय जेमतेम ६० किलोमीटरवर आहे, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे, आणि १०८ क्रमांकावर येणारी रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर उपलब्ध आहे. असे असताना प्रत्येक जिल्ह्यात सर्व सोयी कशासाठी, हा प्रश्न विचारणाऱ्याला वेड्यात काढता येत नाही, आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यावे लागते.

या पूर्वपक्षाचा खरा भाग आधी मान्य करणे योग्य होईल. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात भट्टीपाशी स्फोट होऊन वीसएक कामगार होरपळले. त्याआधी १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी दगावले. अशा आपत्तीला स्थानबद्ध आपत्ती म्हणता येईल, म्हणजे जिचे घाव एका जागी आणि एका वेळी पडतात, पण शेजारचा जिल्हा त्या वेळी धडधाकट असतो. भाजलेल्या रुग्णाला जंतुसंसर्गापासून वेगळे ठेवणारा कक्ष आणि त्वचारोपण करणारा शल्यचिकित्सक लागतो. तो प्रत्येक तालुक्याला देणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. येथे प्रथमोपचार करून रुग्ण वेळेत पुढे धाडणे हेच उत्तम वैद्यक होय.

अडचण अशी की, मराठवाड्याला वारंवार गाठणारी आपत्ती या जातीची नाही. दुष्काळ, अतिवृष्टी आणि साथ या तिन्ही गोष्टी जिल्ह्याची हद्द पाहून येत नाहीत. त्या विभागावर एकदम पसरतात. दवाखान्याच्या रोजच्या बोलीत ज्याला ‘रेफर करणे’ म्हणतात, त्या संदर्भसेवेचे सगळे गणित वरच्या रुग्णालयात जागा रिकामी असेल या गृहीतकावर उभे असते, आणि पसरलेल्या आपत्तीत नेमके तेच कोसळते. आपत्ती नसतानाही हे गणित किती ताणलेले आहे, याचा दाखला नांदेडने दिला. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. दूरदूरच्या गावांहून अत्यवस्थ स्थितीत रुग्ण येतात, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले. ते खरे मानले तरी त्यातून व्यवस्थेची सुटका होत नाही. उलट खालच्या प्रत्येक पायरीवरचे दार बंद असल्यामुळे सगळी गर्दी एकाच दाराशी लोटते, एवढेच त्यातून सिद्ध होते. उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली, ती उगीच नव्हे.

दुष्काळ ही आरोग्याची आपत्ती आहे हेच मुळात मान्य होत नाही, आणि खंडनाचा मुख्य रोख येथे हवा. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवीन जालना वसलेला आहे. नवीन जालन्याची तहान निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावाने पिढ्यानपिढ्या भागवली. २०१२-१३ च्या दुष्काळात तो तलाव आटला. नागरिकांनी आणि उद्योजकांनी पुढाकार घेऊन त्यातला गाळ उपसला, हे या शहराच्या श्रेयाचे. परंतु त्या काळात नळाला दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने पाणी येत असे आणि घरोघरी पिंप, हौद, घागरी, रंगाचे रिकामे डबेसुद्धा भरून ठेवले जात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून उडत्या डासापर्यंतची वाढ साधारण आठ ते दहा दिवसांत पुरी होते आणि त्याला साठवलेले स्वच्छ पाणीच लागते. म्हणून हिवताप विभाग ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो; आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवायची. ज्या गृहिणीला पुढचे पाणी बाराव्या दिवशी मिळणार, तिने सातव्या दिवशी पिंप ओतून द्यावे असा हा सल्ला आहे. तो न पाळल्याबद्दल तिला अडाणी ठरवणाऱ्यांनी एकदा पिंप उचलून पाहावे.

रुग्णालयाच्या भिंतीआडची स्थिती याहून वेगळी नसते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त यंत्राने शुद्ध करण्याची जी क्रिया, त्या डायलिसिसच्या चार तासांच्या एका बैठकीला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते, आणि ते तयार करताना जवळजवळ तितकेच पाणी वाया जाते. सहा यंत्रांवर दिवसाकाठी दोन पाळ्या चालवल्या, तर बारा बैठकांना अडीच ते तीन हजार लिटर, म्हणजे दहा-बारा हजार लिटरच्या टँकरचा चौथा हिस्सा एकट्या या कक्षाला हवा. प्रसूतिगृह, शस्त्रक्रियागृह, धुलाई आणि शौचालये यांचा हिशेब त्याखेरीज. अतिसाराच्या रुग्णाला दिले जाणारे जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवायचे असते. पाकिटाचा पुरवठा आरोग्य खाते करते, त्या लिटरभर पाण्याची जबाबदारी मात्र दुसऱ्याच खात्याकडे असते.

हे सारे दिसत असूनही ते मोजले का जात नाही, याचे कारण दुष्काळ ठरवण्याच्या पद्धतीत आहे. महसूल खात्याची पैसेवारी म्हणजे सरासरी उत्पन्नाच्या तुलनेत यंदाचे पीक किती आले याचा अंदाज. ती ५० पैशांच्या खाली गेली की गावाची स्थिती टंचाईची मानली जाई. नव्या दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओल असे निर्देशांक आणले आणि मोजणी अधिक शास्त्रीय झाली. जुन्या पद्धतीत दवाखान्याच्या नोंदवहीला जागा नव्हती आणि नव्या निर्देशांकांतही तिला ती मिळालेली नाही. पीक गेल्याची भरपाई मिळते, ती मिळालीच पाहिजे. पण टँकर लागलेल्या गावात अतिसाराचे रुग्ण किती वाढले आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील बाळाची कोणती लस चुकली, हे दुष्काळाच्या कागदावर कोठेच उमटत नाही.

दुसरा पूर्वपक्ष अर्थकारणाचा आहे आणि तो अधिक सफाईने मांडला जातो. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी खाटा आणि पदे रिकामी पोसणे गरिबाच्या राज्याला परवडत नाही, सबब कंत्राटी मनुष्यबळ आणि तात्पुरते कक्ष हाच व्यवहार्य मार्ग, असे त्याचे म्हणणे. त्यातील ‘दहा वर्षांतून एकदा’ हा आकडा तपासला पाहिजे. जालना जिल्ह्याने २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये दुष्काळ पाहिला, २०२० आणि २०२१ मध्ये कोविड पाहिला, २०२३ मध्ये जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा हे तालुके पुन्हा दुष्काळग्रस्त घोषित झाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडाभर अतिवृष्टीने हाहाकार उडवला. चौदा वर्षांत आठ वर्षे ज्या प्रदेशाची अशी जातात, तेथे अपवाद कशाला म्हणायचे? कोविडकाळात नेमलेले कंत्राटी कर्मचारी लाट ओसरताच घरी गेले, आणि प्राणवायूची यंत्रे मागे राहिली. यंत्र विकत घेतल्याचे छायाचित्र निघते. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार दरमहा निघावा लागतो.

तात्पुरत्या उपायाचा हिशेबही अपुरा धरला जातो, कारण आपत्तीचे बळी मोजताना थेट बळी तेवढे धरले जातात. पोर्टो रिको बेटावर सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळ आले, तेव्हा अधिकृत मृतांची संख्या ६४ होती. वीज, औषधे आणि नियमित उपचार खंडित झाल्याने पुढे दगावलेल्यांचा अभ्यास झाल्यावर ती २,९७५ मानली गेली. भारतात क्षयरोगाच्या नोंदी २०१९ मधील सुमारे २४ लाखांवरून २०२० मध्ये सुमारे १८ लाखांवर आल्या. रोग कमी झाला नव्हता, त्याचा शोध थांबला होता. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत काम करणारे मध्य प्रदेशचे १६ मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडले. टाळेबंदीत गावी जायला वाहन नव्हते म्हणून ते जालन्याहून चालत निघाले होते. साथीच्या कोणत्याही आकडेवारीत ते नाहीत.

आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, तेव्हा हा वाद संपला, असे कोणी म्हणेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील ज्या दहा नव्या महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत जालन्याचे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु महाविद्यालय ही शिडीची वरची पायरी आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे जुनेच प्रमाण आहे. आपत्तीत पहिला रुग्ण तेथेच येतो, आणि तेथे परिचारिका, पाणी व वीज असेल तरच घाटीच्या दारातली रांग आखूड होते. भूकंपात भूजचे जिल्हा रुग्णालयच २००१ मध्ये जमीनदोस्त झाले होते, हे लक्षात घेतले तर उपचाराची सगळी ताकद एका इमारतीत साठवण्यातला धोका वेगळा सांगावा लागत नाही.

याची सुरुवात फार खर्चाची नाही. ग्रामपंचायतीला पाण्याच्या गुणवत्तेप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत राज्यात आहेच. टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकल्यावर त्यात क्लोरीन उरला की नाही, हे ओटी चाचणीच्या पिवळ्या रंगावरून कळतेच. असेच कार्ड प्रत्येक आरोग्य केंद्रालाही मिळावे. खरिपाची पैसेवारी ठरते, त्याच सुमारास त्याच तालुक्यातील दवाखान्यांकडून चार रकाने भरून घ्यावेत : साठवणीतले पाणी किती दिवस पुरेल, प्रत्यक्ष हजर असलेली पदे किती, डायलिसिसच्या किती बैठका पाण्याअभावी रद्द झाल्या, आणि किती रुग्ण केवळ सोय नाही म्हणून पुढे पाठवले. दुष्काळ जाहीर करताना हा कागद तहसीलदाराच्या टेबलावर पिकाच्या आकड्यांशेजारी असावा.