युरोप कुठे संपतो?

जॉर्जियातली रिओनी नदी कॉकेशसच्या डोंगरांत उगम पावते आणि पोती बंदरापाशी काळ्या समुद्राला मिळते. प्राचीन ग्रीक तिला फासिस म्हणत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात काही जण युरोप आणि आशियाची हद्द या नदीवर मानत, तर काही जण उत्तरेकडच्या डॉन नदीवर. इतिहासकार हेरोडोटसला यातलं काहीच पटलं नव्हतं. जमीन एकसलग असताना तिला तीन नावं का दिली, हे त्याला कळत नव्हतं आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. त्याचं जन्मगाव हालिकार्नासस आज तुर्कस्तानात आहे, बोद्रुम या नावाने.

पुढे डॉनची रेघ रूढ झाली आणि अठराव्या शतकापर्यंत टिकली. ती सरकली ती रशियाच्या गरजेपोटी. पोल्टाव्हाच्या १७०९ च्या लढाईनंतर स्ट्रालेनबर्ग हा स्वीडिश अधिकारी रशियाच्या कैदेत पडला आणि त्याची रवानगी सैबेरियात तोबोल्स्कला झाली. सुटून मायदेशी परतल्यावर १७३० साली त्याने ग्रंथ प्रसिद्ध केला आणि युरोपची हद्द उरल पर्वतावर नेऊन ठेवली. ही कल्पना मुळात आपणच त्याला सुचवली, असा दावा रशियन अधिकारी आणि इतिहासकार तातिश्चेव याने केला. श्रेय कुणाचंही असो, सोय रशियाची होती. रशियाच्या झार पीटरने १७२१ साली सम्राट हा किताब घेतला होता. स्पेन किंवा ब्रिटनसारखं साम्राज्य म्हणवून घ्यायचं, तर मायभूमी युरोपात आणि ताब्यातला मुलूख परखंडात असायला हवा. उरलच्या रेघेने रशियाला दोन्ही मिळवून दिलं.

उरलचं सर्वांत उंच शिखर १,९०० मीटरही भरत नाही. पर्वत हीच खंडाची कसोटी असती, तर हिमालयाच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या भूमीला उपखंड म्हणून थांबता आलं नसतं. आपल्या शालेय नकाशांत उरलची रेघ निसर्गाने आखल्यासारखी दाखवतात. ती कुणी, कधी आणि कशासाठी आखली, हे मुलांना सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कॉकेशसमध्ये तर अजूनही एकमत नाही. रेघ पर्वताच्या मुख्य धारेवरून काढली तर ५,६४२ मीटरचा एल्ब्रुस युरोपात येतो आणि युरोपातलं सर्वोच्च शिखर ठरतो. महाराष्ट्रातले गिर्यारोहकही त्याच नात्याने तिथे जातात. रेघ उत्तरेला कुमा-मानिचच्या सखल पट्ट्यातून नेली, की तो मान मों ब्लांकडे जातो.

शिखरांचा वाद निरुपद्रवी आहे. माणसांचा तसा नाही. युरोपीय समुदायाचा पाया घालणाऱ्या १९५७ च्या रोम करारात अल्जीरियाचा नावानिशी उल्लेख होता, कारण तो तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. १९८७ साली शेजारच्या मोरोक्कोने युरोपीय समुदायात प्रवेश मागितला, तेव्हा मात्र तो देश युरोपीय नाही असं सांगून त्याला परत पाठवलं गेलं. त्याच वर्षी तुर्कस्ताननेही अर्ज केला आणि तो आजही ताटकळतो आहे. सायप्रसला २००४ साली सदस्यत्व मिळालं. त्याची राजधानी निकोसिया अंकाराच्याही पूर्वेला आहे.

भूगोलाचं कारण पुढे केलं की खरं कारण बोलावं लागत नाही, म्हणून मला ते अप्रामाणिक वाटतं. निवडणुका, न्यायालयं, अल्पसंख्याकांचे हक्क या अटी कठोर असल्या तरी त्या पुऱ्या करता येतात. आपला देश उचलून दुसरीकडे नेता येत नाही. तुर्कस्तानात लोकशाहीची गळचेपी होते म्हणून दार बंद, असं म्हणणं रास्त आहे. तो देश मुळातच आपल्यातला नाही, असं म्हणणं तिथल्या लोकशाहीवाद्यांचाही हात सोडून देणं आहे.

जॉर्जियात हा प्रश्न रस्त्यावर आला. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाने त्या देशाला उमेदवाराचा दर्जा दिला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या सरकारने प्रवेशाची बोलणी २०२८ अखेरपर्यंत लांबणीवर टाकली. तिबिलिसीच्या रुस्तावेली रस्त्यावर रात्रीमागून रात्री लोक उतरले आणि त्यांनी पाण्याचे फवारे, अश्रुधूर अंगावर घेतले. युरोपची रेघ आजवर दरबारात आणि छावणीत आखली गेली. इथे ती सामान्य माणसं मागत होती.

आता आर्मेनियाही त्याच वाटेवर आहे. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच्या संसदेने प्रवेशप्रक्रिया सुरू करण्याचा कायदा मंजूर केला. इराणला लागून असलेला हा देश कॉकेशसच्या दक्षिणेला आहे. मोरोक्कोला दिलेलं उत्तर सायप्रस आणि जॉर्जियानंतर त्याला देता येणार नाही.