राहण्याची सोय

आमच्या बीडकडे ऊसतोडीचे काम शोधायला जावे लागत नाही. दसऱ्याआधीच मुकादम उचल घेऊन दारात येतो. मोजणी माणसांची नसते, कोयत्यांची. नवरा-बायको मिळून एक कोयता! राहण्याची सोय आहे, असेही सांगतो. सोय म्हणजे बांबू, चटया आणि मोकळे रान. कोपी मजुरांनीच उभारायची आणि पाच-सहा महिने तीत काढायचे. आडोसा नाही, म्हणून बायका पहाटेच्या अंधारातच अंघोळ उरकतात. मजुरांच्या मुलांसाठी शासनाने २०२१ साली वसतिगृहांची योजना मंजूर केली, हे चांगलेच झाले. पण मित्रहो, आईचे काय? उचलीचा आकडा जसा वहीत मांडतात, तसे पाणी, दिवा आणि संडासही करारात मांडावेत, अन् खाली सही कारखान्याची असावी. मुकादमाच्या तोंडी शब्दावर माझ्या आईने दहा हंगाम काढले आहेत.