जुन्या वर्कस्टेशनची उसनी गती

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा दिल्लीचे नेहरू प्लेस, जुन्या वर्कस्टेशनना तिथे कायम गिऱ्हाईक असते. मोठ्या कंपन्यांनी काही वर्षे वापरून बदलून टाकलेली ही यंत्रे दणकट असतात, मेमरी भरपूर घेतात आणि नव्या संगणकाच्या तुलनेत बरीच स्वस्त पडतात. आर्किटेक्टचे छोटे ऑफिस, अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या मुलाची खोली, महाविद्यालयाची प्रयोगशाळा अशा ठिकाणी त्यांना दुसरे आयुष्य मिळते. २०२२ मध्ये जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर पुनर्वापराकडे गेल्याची नोंद नाही. हे पाहता जुने यंत्र आणखी पाच वर्षे वापरणे हे शहाणपणाचेच काम.

प्रश्न येतो तो पुढच्या पायरीवर. यंत्र घरी आले, थोडे हळू वाटले, की कोणीतरी सुचवते, ‘ओव्हरक्लॉक करून टाक. फुकटात वीस टक्के वेग वाढतो.’ इथे थांबून विचार करायला हवा. वेग वाढत नाही असे नाही. पण तो फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत जिथे मोजावी लागते तिथे ती सहसा दिसत नाही.

एचपीच्या झेड४२० या वर्कस्टेशनचे उदाहरण घेता येईल. त्यात चालणारा इंटेलचा ‘झिऑन ई५-१६५० व्ही२’ हा प्रोसेसर २०१३ सालचा. त्याचे कोअर सहा, मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, आणि मोजक्या कोअरवर ताण असेल तेव्हा तो स्वतःहून ३.९ पर्यंत जातो. प्रोसेसरचा वेग हा एक साधा गुणाकार असतो. १०० मेगाहर्ट्झचा पायाभूत ठोका गुणिले ३५, म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झ. बहुतेक झिऑनमध्ये हा गुणक कुलूपबंद असतो. या मालिकेत तो मोकळा ठेवलेला आहे. त्यामुळे ‘थ्रॉटलस्टॉप’सारख्या छोट्या प्रोग्रॅममधून ३५ च्या जागी ४२ घातले की सहाही कोअर ४.२ गिगाहर्ट्झवर पळू लागतात. तासाभराचे काम पन्नास मिनिटांत होते. मोह पडावा असाच हा हिशेब आहे.

आता दुसरी बाजू. ४.२ गिगाहर्ट्झला एका ठोक्यासाठी सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचाही जेमतेम पाव हिस्सा मिळतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सात सेंटिमीटरच जातो. एवढ्या अवधीत विद्युतसंकेताने ट्रान्झिस्टरच्या लांबलचक साखळीतून वाट काढून पलीकडे पोहोचायचे असते. पुढचा ठोका पडेपर्यंत तो पोहोचला नाही, तर १ च्या जागी ० टिपला जातो. ट्रान्झिस्टर जलद उघडावेत-मिटावेत म्हणून मग व्होल्टेज वाढवावे लागते. आणि खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर १.२ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के जास्त वीज. या प्रोसेसरचा नेमून दिलेला आकडा १३० वॉट आहे. तो १९० च्या घरात जातो. रोज आठ तास पूर्ण ताणावर काम केले तर अर्धा युनिट जास्त. बिलाचे एक वेळ सोडून द्या, पण ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच पेटीत साठते.

आणि ती पेटी कुठे ठेवलेली आहे, यालाही महत्त्व आहे. चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक चिपने स्वतः निर्माण केलेली वाढ. एका वॉटमागे ०.३ अंश वाढ होऊ देणारा हीटसिंक धरला, तर १३० वॉटला ३९ अंश आणि १९० वॉटला ५७ अंशांची भर पडते. वातानुकूलित ऑफिसातल्या २५ अंशांवर हे निभावते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीतच ४० अंश असतात, तिथे हीच बेरीज ९७ वर जाते. मग चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप वेग कमी करते. म्हणजे एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर. त्यातून जुन्या यंत्राच्या हीटसिंकमध्ये वर्षांची धूळ आणि वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट असते, ती वेगळीच.

या सवयीची मुळे १९९८ सालात सापडतात. त्या वर्षी आलेला इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा होता. मदरबोर्डचा ठोका ६६ वरून १०० केला की तो ४५० वर चाले, आणि अनेकांकडे विनातक्रार चाले. गेम खेळणाऱ्या एका पिढीची त्यातून समजूत झाली की कंपन्या वेग दडवून ठेवतात आणि हुशार माणूस तो बाहेर काढतो. त्या काळी ते काही अंशी खरेही होते. पण ती यंत्रे प्रामुख्याने खेळासाठी होती. गेम मध्येच बंद पडला तर पुन्हा सुरू करता येतो. वर्कस्टेशन मात्र विकत घेतले जाते ते त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवता यावा म्हणून.

‘दडवून ठेवलेला वेग’ म्हणजे तरी काय? कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक चिप थोडी वेगळी असते. सगळ्यात कमजोर चिपलाही, सगळ्यात गरम दिवशी, वीजपुरवठा क्षणभर खाली आला असताना आणि अनेक वर्षांच्या वापरानंतर अचूक काम करता यावे, म्हणून उत्पादक थोडी जागा राखून ठेवतात. ही गंगाजळी असते, अडीअडचणीला काढायची. ओव्हरक्लॉक करणारा ती रोजच्या खर्चाला काढतो. आणि दहा-बारा वर्षे राबलेल्या प्रोसेसरमध्ये ती गंगाजळी आधीच थोडीफार आटलेली असते. चिपमधल्या तारा केसाहून कितीतरी बारीक असतात. त्यांतून वाहणारा प्रवाह धातूचे अणू हळूहळू सरकवतो. ट्रान्झिस्टरही काळाबरोबर मंद होत जातात. उष्णता आणि व्होल्टेज या दोन्ही गोष्टी ही झीज वाढवतात. मदरबोर्डवरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचेही तेच. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे.

व्होल्टेजची झीज ही केवळ पुस्तकातली गोष्ट राहिलेली नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरतेच्या तक्रारी आल्या. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत गेल्याने चिपची झीज होते, हे कंपनीने मान्य केले, दुरुस्तीसाठी नवे मायक्रोकोड दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे निदान वॉरंटी तरी होती. २०१३ च्या प्रोसेसरला ती कोण देणार?

तरीही चिप जळणे ही यातली सगळ्यात मोठी भीती नव्हे. जुना प्रोसेसर जळला तर दुसरा मिळतो. यंत्र अचानक बंद पडणे हीसुद्धा तुलनेने बरी गोष्ट, कारण काहीतरी बिघडले हे निदान कळते. भीती आहे ती यंत्र न थांबता, कुठलीही सूचना न देता चुकीचे उत्तर देण्याची. गुगल आणि फेसबुक या दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये याविषयी लिहिले. त्यांच्या अवाढव्य डेटा सेंटरमध्ये काही मोजके प्रोसेसर असे सापडले, की ते बाकी सगळे नीट करत आणि एखादीच क्रिया कधीतरी चुकीची करत. आणि ते प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगावर चालणारे होते.

वर्कस्टेशनमध्ये चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते, मग काळजी कशाला, असे विचारले जाते. पण ईसीसी राखण करते ती मेमरीत ठेवलेल्या आकड्याची. तो आकडा काढतानाच प्रोसेसर चुकला असेल, तर ईसीसी तो चुकीचा आकडाच इमानेइतबारे सांभाळून ठेवते. इमारतीच्या स्तंभावरचा भार काढणारा अभियंता, आठवडाभर चालणारे प्रथिनांचे सिम्युलेशन लावून बसलेली संशोधक विद्यार्थिनी, सीटी स्कॅनच्या प्रतिमांवर प्रयोग करणारा डॉक्टर, यांच्यापैकी कोणालाही तो आकडा पाहून शंका येणार नाही.

‘रात्रभर प्राइम९५ चालवून पाहिले, एकही चूक नाही’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. प्राइम९५ हा प्रोग्रॅम मर्सेन मूळ संख्या शोधण्याच्या जागतिक प्रकल्पातून आला. गंमत अशी की त्या प्रकल्पाने स्वतः मात्र कुठल्याही एका संगणकाच्या उत्तरावर भरवसा ठेवला नाही. एकाने काढलेले उत्तर दुसऱ्या संगणकाकडून पडताळून घेण्याची पद्धत तिथे वर्षानुवर्षे होती, कारण यंत्रे चुकतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. एका रात्रीच्या चाचणीने एवढेच कळते, की त्या रात्री, त्या तापमानाला, त्या प्रकारच्या गणितात चूक दिसली नाही. जानेवारीत पास झालेले यंत्र मे महिन्यातही पास होईल याची हमी त्यात नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओव्हरक्लॉक केलेली यंत्रे जास्त बंद पडतात हे त्यात दिसलेच. पण नेमून दिलेल्या वेगापेक्षा कमी वेगाने चालवलेली यंत्रे लक्षणीयरीत्या जास्त भरवशाची ठरतात, हेही दिसले. जुन्या यंत्राच्या मालकाने भिंतीवर लावून ठेवावा असा हा निष्कर्ष आहे.

ओव्हरक्लॉकिंगच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते नाकारणे बरोबर नाही. गुणक कंपनीनेच मोकळा ठेवला आहे. त्यात चोरी नाही. व्होल्टेज, उष्णता आणि वेग यांचे नाते हाताने अनुभवणारा विद्यार्थी वर्गातल्यापेक्षा जास्त शिकतो. गेम, हौशी व्हिडिओ, चुकले तर डोळ्यांना दिसेल असे काम, यासाठी कोणी वेग वाढवला तर बिघडत नाही. व्होल्टेज न वाढवता गुणक एक-दोन पायऱ्याच वर नेला, तर झीजही फारशी होत नाही. मर्यादा एकच: ज्या उत्तरावर दुसऱ्या कोणाचा पैसा, पदवी किंवा जीव अवलंबून आहे, ते उत्तर उसन्या गतीवर काढू नये.

शिवाय बहुतेक वेळा दुखणे प्रोसेसरचे नसतेच. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा आजही लागू आहे: कामाचा जो भाग जलद केला, तेवढ्यापुरताच फायदा. फाइल उघडायला लागणाऱ्या वेळेतला बराचसा वेळ जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये जात असेल, तर प्रोसेसर कितीही पळवून काय होणार? तिथे एसएसडी बसवावी. मेमरी अपुरी असेल तर ती वाढवावी. हीटसिंक काढून धूळ झाडावी, पेस्ट नवी लावावी, पंखे बदलावेत. या दुरुस्तीला फारसा खर्च येत नाही, आणि तिने यंत्राचे आयुष्य वाढते.

दोन गोष्टी मात्र एकट्या ग्राहकावर सोडून चालणार नाहीत. एक, जुने यंत्र विकणाऱ्याने ते ओव्हरक्लॉक करून वापरले होते का, हे सांगायला हवे. नव्वदच्या दशकात कमी वेगाच्या चिपवर जास्त वेगाचा छाप मारून त्या विकल्या जात. गुणकाला कुलूप लागण्याचे ते एक कारण होते. आज छाप मारण्याचीही गरज नाही. विंडोज नव्याने टाकले की वाढवलेला वेग पुसला जातो, झीज मात्र चिपमध्येच राहते. गाडीचे मीटर मागे फिरवण्यापेक्षा हे वेगळे नाही. दोन, ज्या प्रयोगशाळेतून प्रबंधाचे आकडे निघतात, तिथल्या यंत्रांचा वेग कोणी वाढवला आहे का, याची नोंद प्रयोगवहीत असावी. तराजू कधी तपासला हे जिथे लिहिले जाते, तिथे संगणकाला सूट का असावी?

जुने वर्कस्टेशन तरुणपणी सर्वांत वेगवान होते म्हणून विकले गेले नव्हते. दिवसरात्र चालून बरोबर उत्तर देते, म्हणून कंपन्यांनी त्याला जास्त पैसे मोजले होते. दुसऱ्या मालकानेही त्याच्याकडून तेवढेच मागावे. दहा मिनिटे उशीर झाला तरी चहा होतो. चुकलेला आकडा मात्र नकाशातून थेट बांधकामापर्यंत जातो.