बैलाचे दात मोजणारे आपण, ट्रॅक्टरचा कागद का वाचत नाही?



बैल घ्यायला बाजारात गेलेला आपला माणूस आठवा. दात बघतो, खांदा चाचपतो, खूर उचलून बघतो, चार पावले चालवून चाल पारखतो. दलालाच्या उपरण्याखाली बोटांनी सौदा चालतो आणि पाचशे-हजारावरून दोनदा मोडतो. तरी मन भरले नाही तर मोकळ्या हाताने घरी येतो, पुढच्या बाजाराची वाट बघतो. तोच माणूस सात-आठ लाखांचा ट्रॅक्टर घ्यायला शोरूममध्ये गेला की पंख्याखाली खुर्चीवर बसतो, कोऱ्या फॉर्मवर सही करतो आणि हात जोडून विचारतो, "साहेब, तुम्हीच सांगा, कोणता घेऊ?"

साहेब सांगतो. त्याच्या आवारात जो उभा आहे तो सांगतो.

हे दुसऱ्याला नावे ठेवायला लिहीत नाही. मी स्वतः हेच केले. परळीच्या शिवारात माझी आठ एकर काळी, खरिपाला कापूस आणि तूर, रब्बीला ज्वारी. मला मागचे टायर १३.६ चे हवे होते. बोलण्यात तसे ठरले. दसऱ्याला गाडी मिळाली ती १४.९ ची. विचारले तर उत्तर आले, "कंपनीतून असाच येतो." बॉनेटवर हार चढलेला, पोराच्या हातात नारळ, घरची हळदीकुंकवाचे ताट घेऊन उभी, तिथून थेट वैद्यनाथाच्या दर्शनाला जायचे ठरलेले. अशा घडीला टायरचे माप वाचत कोण बसतो? घरी येऊन बिल उलगडले. एका ओळीत ट्रॅक्टरची किंमत, खाली दुसरी ओळ : ॲक्सेसरीज, ३८,००० रुपये. म्हणजे काय? हूड, बंपर, हुक, टॉप लिंक, टूल बॉक्स आणि गाणी वाजवायचा डबा. यातल्या कशाचा भाव मला वेगळा सांगितला नव्हता, आणि डबा तर मी मागितलाच नव्हता. विक्रेत्याचे नाव इथे लिहीत नाही. बैठकीत विषय काढला की चार जण तसलीच बिले सांगतात.

आता हे ३८ हजार कर्जात धरले गेले. १४ टक्के व्याज आणि पाच वर्षांचे मासिक हप्ते धरले तर शेवटी ५३ हजार भरावे लागतात. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. तो पदरात पडला असे समजू (पडतो का, ते तुम्ही जाणता). तरी साडेसहा क्विंटल कापूस त्या एका ओळीने खाल्ला. कोरडवाहूत साडेसहा क्विंटल पिकवायला किती रान लागते आणि वेचणीला किती बाया लागतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग काय, काहीच जादा घेऊ नये? तसे नाही. ट्रॅक्टरच्या जादा सामानात दोन जाती आहेत आणि सगळी मेख तिथेच आहे. एक जात कारखान्यातच बसते : क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स, पुढचा आस, पीटीओचा प्रकार, टायर आणि रिमचे माप. ही एकदा बसली की बसली. नंतर बदलायची म्हटली तर निम्मा ट्रॅक्टर उघडावा लागतो. दुसरी जात गावात बसते : हूड, बंपर, हुक, दिवे, वजने. परळीत, अंबाजोगाईत, मोठ्या गावात कुठेही वेल्डिंगवाला ती बसवून देतो, तीही आपल्याला लागेल तेव्हा, आपल्या डोळ्यांदेखत. शोरूममध्ये मात्र सगळा जोर दुसऱ्या जातीवर असतो, कारण तिच्यात सुटणारा पैसा विक्रेत्याचा. पहिल्या जातीचा विषय निघाला की "तो येत नाही", "महिना लागेल", "त्याला गिऱ्हाईक नाही". गिऱ्हाईक समोर बसलेले असते!

टायरचेच घ्या. आपली ज्वारी दीड फुटी, म्हणजे दोन ओळींत ४५ सेंटिमीटर. टायरवर लिहिलेला पहिला आकडा रुंदीचा असतो, इंचात. १२.४ म्हणजे साडेएकतीस सेंटिमीटर, १३.६ म्हणजे साडेचौतीस, १४.९ म्हणजे जवळजवळ अडतीस, १६.९ म्हणजे त्रेचाळीस. ४५ च्या ओळीत ४३ चा टायर घातला तर दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर उरतो. ती कोळपणी नव्हे, मळणीच झाली. १३.६ ला दोन्हीकडे पाच-पाच सेंटिमीटर मिळतात, १२.४ ला त्याहून बरे. शिवाय दोन चाकांतले अंतरही बघावे लागते. बहुतेक ट्रॅक्टरची मागची चाके रिम उलटवून आत-बाहेर घेता येतात. चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १३५ सेंटिमीटर ठेवले तर मध्ये ज्वारीच्या तीन ओळी बसतात. तीन फुटी कापसाला १८० लागते. आपल्याला हवी ती अंतरे त्या मॉडेलला बसतात का, हे फॉर्म भरण्याआधी विचारायचे. रुंद टायर दिसायला रुबाबदार, रस्त्यावर ओढायला चांगला. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला वजन आणि रुंद टायर लागतोच, त्यात वावगे काही नाही. पण शोरूममध्ये उभा असलेला माल बऱ्याचदा त्या धंद्याच्या मापाचा असतो आणि कापसाच्या ओळीत जाणाऱ्याच्या गळ्यात तोच पडतो, असे माझे मत झाले आहे.

ब्रेक आणि क्लच यांत कंजुषी करू नका. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. भरल्या ट्रॉलीसह बालाघाटाच्या उतारावर जे काही थांबवायचे ते ट्रॅक्टरनेच. म्हणून तेलातले ब्रेक घ्या, त्यांत चिखल-पाणी जात नाही. दुहेरी क्लचचे पैसेही पऱ्हाटीची कुट्टी करणाऱ्याला फिटतात : कुट्टी यंत्र तुंबले तर ट्रॅक्टर जागेवर थांबवून यंत्र फिरते ठेवता येते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपली बोंडे पोखरली, तेव्हापासून पऱ्हाटी वेळेत मोडून कुट्टी करणे ही काही हौस राहिलेली नाही. ज्याला फक्त नांगरट आणि मळणी यंत्र चालवायचे त्याला एकेरी क्लच चालतो. पॉवर स्टेअरिंगला काही जण चैन म्हणतात. दहा तास नांगरट करून ज्याचे खांदे भरून आले आहेत त्याला विचारा.

आणि एक गोष्ट कोणी विकायला पुढे करत नाही म्हणून मीच सांगतो. हूड सावली देते, बांधावरून ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवत नाही. जीव वाचवते ती सीटमागची मजबूत लोखंडी कमान, आणि तीही कमरेला पट्टा बांधला तरच. ती कंपनीची, त्या मॉडेलसाठी बनवलेली मागा. ही मात्र गावच्या वेल्डिंगवर सोडायची वस्तू नव्हे.

फोर व्हीलचे वेड सध्या जोरात आहे. पुढच्या चाकांनाही ताकद, लाखभर रुपये जादा. भाताच्या चिखलणीत, बागायतीच्या ओल्या रानात, जड अवजारांना ते उपयोगी आहे. पण आपण कोरडवाहू माणसे. काळ्या रानात वाफसा झाल्याशिवाय पाय घालू नये हे आजोबांनी शिकवले. फोर व्हीलवाला वाफशाआधी आत जाऊ शकतो, तिथेच त्याचे नुकसान आहे : ट्रॅक्टर निघून येतो आणि खालची माती दाबून ठेवतो. उन्हाळी नांगरटीला मागची चाके घसरत असतील तर आधी टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरा. दोन चाकांत तीन-चार क्विंटल वजन येते आणि खर्च बादलीभर घामाचा. एवढे करूनही घसरला तर मग फोर व्हीलचा विचार करा.

बॉनेटवरच्या एचपीच्या आकड्याने तर गावेच्या गावे भुलवली. तो आकडा इंजिनाचा. रोटाव्हेटरला आणि मळणी यंत्राला मिळते ती पीटीओची ताकद, आणि ४५ एचपीच्या इंजिनाला ती साधारण ३८ ते ४१ भरते. खरा आकडा कळायला विक्रेत्याच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. मॉडेलवार तपासणी होते, अहवाल निघतो. पीटीओची ताकद, ओढ, डिझेलचा खप सगळे त्यात असते. "बुदनीचा रिपोर्ट दाखवा" एवढे तीन शब्द शोरूममध्ये बोलून बघा, समोरच्याची बसण्याची ढब बदलते.

पन्नास एचपीची रेघ तर नीट समजून घ्या. १ जानेवारी २०२३ पासून पन्नासच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे त्यांना कॉमन रेलचे, कॉम्प्युटरवर चालणारे इंजिन आले आणि किंमत चढली. म्हणूनच ४९ च्या आसपास इतकी मॉडेले दाटली आहेत. धूर कमी व्हावा याला माझा विरोध नाही. पण पन्नासच्या खालच्या साध्या पंपाचे बिघाड तालुक्याचा मिस्त्री काढतो, वरच्याला कंपनीचा लॅपटॉप घेऊन माणूस यावा लागतो. ऐन पेरणीत तो कधी येणार, हे बुकिंग करतानाच विचारा. आठ-दहा एकरवाल्याने नुसत्या मिजाशीपोटी ही रेघ ओलांडू नये.

शहरातला माणूस नाशिकला बनणारी थार घेतो. तीही रानावनात जायचीच गाडी. नवी थार २०२० च्या २ ऑक्टोबरला बाजारात आली तेव्हा पेट्रोल की डिझेल, कापडी छत की पक्के, प्रत्येक प्रकाराची किंमत पेपरात छापून आली. गिऱ्हाईक घरी बसून खुणा करते आणि आपल्याला हवी तशी गाडी मागवते. ती गाडी त्याच्या सुट्टीची आहे. आपल्या पोटाची जी गाडी, तिची किंमत मात्र गिऱ्हाईकाचे धोतर बघून सांगितली जाते. १९७१ साली सरकारने ट्रॅक्टरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम काढला होता. नंबर लावून बसायचे, मिळेल तो घ्यायचा. ते दिवस गेले, कंपन्या वाढल्या, निवड आली असे आपण म्हणतो. पण निवड कारखान्यात आली आणि तालुक्याच्या शोरूमच्या दारात अडली. आणि आपणही तिला आत बोलावले नाही.

कराचेही बघा. जुलै २०१७ पासून ट्रॅक्टरवर १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग १८ वरून ५ वर आले. सात लाख मूळ किमतीवर हा फरक ४९ हजारांचा. तो पक्क्या बिलात दिसला पाहिजे. इकडे कर उतरला आणि तिकडे ॲक्सेसरीजची ओळ फुगली, असे होत असेल तर सवलत कोणाच्या घरी गेली?

कायदा यात आपल्या बाजूचा आहे. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालून विकणे याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधक व्यापारी प्रथा म्हटले आहे. मालाचे बिल न देणे ही अनुचित प्रथा. विमासुद्धा विक्रेत्याकडूनच घ्यावा असे बंधन नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे बीडलाच करता येते. पाच ते दहा लाखांच्या मालाला २०२० च्या नियमाप्रमाणे शुल्क २०० रुपये. गाण्याच्या डब्याला यापेक्षा जास्त लागले होते.

पण आयोगाच्या पायऱ्या चढायची वेळ येऊच नये, असे बुकिंग करा. मुहूर्त आधी ठरवून मग शोरूम गाठू नका. घाई आपली असली की भाव त्याचा. नांगरट एक हंगाम भाड्याने करून घेता येते, चुकीचा क्लच दहा वर्षे सोबत राहतो. विसाराचे पैसे देण्याआधी फॉर्मवर मॉडेल, क्लच, ब्रेक, स्टेअरिंग, पुढच्या-मागच्या टायरचे माप आणि प्रत्येक जादा वस्तूची वेगळी किंमत लिहून, शिक्का मारून घ्या. कोऱ्या जागी रेघ ओढा, मग सही करा. अनुदानाचा अर्ज असेल तर पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय खरेदी करू नका, नाहीतर अनुदान बुडते. गाडी आली की हार घालण्याआधी फॉर्म आणि गाडी ताडून बघा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. चेसिस नंबरावरून कारखान्यातून निघाल्याचा महिना कळतो, तो वाचायला सांगा. दीड वर्ष उन्हात उभा राहिलेला माल नव्याच्या भावात घेऊ नका. घरातली शाळा शिकलेली पोरगी सोबत न्या. कागद वाचायला तीच बरी, ती हाराकडे बघत बसत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना गेल्या पाच वर्षांत ट्रॅक्टर घेतलेल्या प्रत्येकाने आपले बिल आणावे. एकाच मॉडेलची बिले शेजारी शेजारी मांडू, कोणाला ॲक्सेसरीजची ओळ किती लागली ते फळ्यावर लिहू आणि तो फळा घेऊन शोरूमवाल्यांना भेटू. मागणी एकच ठेवायची : प्रत्येक जादा वस्तूची किंमत मराठीत, मोठ्या अक्षरात, भिंतीवर. बिल हरवले असेल तर निदान मागच्या टायरचे माप वाचून या. माझे १४.९, ते मी आधीच लिहून ठेवतो.