नऊचा पाढा आणि कान

जून २०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून वादंग माजले, ते अजून अनेकांच्या स्मरणात असेल. ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘सत्तावन्न’च्या जोडीला ‘पन्नास सात’. मराठी भाषेवरच घाला आला, असा सूर तेव्हा आम्हां मराठीच्या प्राध्यापकांतही होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जुने शब्द कोणी काढलेले नाहीत. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अडखळणाऱ्या मुलांसाठी ही केवळ एक पायरी आहे. त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले होते. पुसदच्या आसपासच्या तांड्यांवरून शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरची भाषा गोरमाटी. ‘सत्तावीस’मध्ये त्याला आधी सात ऐकू येतात आणि तो पाटीवर ७२ लिहितो. यात त्याचा काय अपराध?

परंतु त्या गदारोळात पाढ्यांविषयी कोणी फारसे बोलले नाही, ही रुखरुख राहिली. ज्या उलट्या क्रमाला आपण दोष देतो, त्याच क्रमामुळे मराठी पाढ्यात एक रचना कानाला सापडते. नऊचा पाढा मोठ्याने म्हणून पाहावा : अठरा, सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस, चोपन्न, त्रेसष्ट, बहात्तर, एक्याऐंशी. शब्दांचे आरंभ तेवढे ऐका. आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. जिना एकेका पायरीने खाली उतरतो आहे, आणि शब्दांच्या शेवटी दहा, वीस, तीस असा दुसरा जिना वर चढतो आहे. अंकांची बेरीज नऊ का येते, याचे उत्तर या दोन जिन्यांत आहे. दर वेळी दहा मिळवायचे आणि एक काढून घ्यायचा. आठच्या पाढ्यात पायऱ्या दोन-दोनच्या : अठ्ठेचाळीस, छप्पन्न, चौसष्ट, बहात्तर. सातचा पाढा मात्र कानाला असे काही सहजी देत नाही, म्हणून तर तो सर्वांनाच छळतो.

आणि त्या मुलाने चुकून लिहिलेले ७२ हेही याच पाढ्यात पुढे भेटते. १८ ला ८१ भेटते, ३६ ला ६३. चूक खोडण्याआधी शिक्षकाने हे दाखवले तर?

जुने ते सगळे राखावे, असा माझा आग्रह नाही. पावकी, सवायकी, दिडकी, औटकी ही सोळा आण्यांच्या रुपयाची आणि शेर-पायलीच्या मापांची अपत्ये. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि त्यांचे काम हळूहळू संपले. औट म्हणजे साडेतीन, हे आता ‘औट घटकेचे राज्य’ शिकवताना मलाच वर्गात सांगावे लागते. असो. पण नऊचा पाढा अशा कोणत्याही नाण्यावर अवलंबून नाही.

म्हणून ‘तीस सहा’ समजावण्यासाठी खुशाल वापरावे. पाढा मात्र ‘नऊ चोक छत्तीस’ असाच, आणि मोठ्याने, म्हणू द्यावा. म्हणून झाल्यावर मुलांना एकच विचारावे : प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला काय ऐकू आले? पहिले उत्तर तांड्यावरच्या मुलाकडून आले, तर मला नवल वाटणार नाही.