गाडी थंड असतानाच बघा

डिसेंबर उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या फोनवर एक विषय हमखास निघतो. कुणाची ना कुणाची जुनी मोटारसायकल सकाळी नीट चालत नसते. सुरू होते, पण चालत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की खोकते, गचके देते आणि बंद पडते. दहा मिनिटांनी तीच गाडी शहाण्या मुलासारखी पळते, मग दिवसभर कुणालाच तिची आठवण राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

या दुखण्याबद्दल माझं मत ठाम आहे. जे दुखणं फक्त गाडी थंड असताना दिसतं, ते गाडी थंड असतानाच तपासलं पाहिजे. वाचायला बाळबोध वाटेल. पण आपण करतो काय? सकाळी कशीबशी सुरू केलेली गाडी चार-पाच किलोमीटर चालवत गॅरेजला नेतो. पोचेपर्यंत इंजिन गरम! मेकॅनिक किक मारतो, गाडी झकास. आपण शपथेवर सांगतो की अहो, सकाळी बंद पडते. तो मान डोलावतो, स्क्रू ड्रायव्हर घेऊन रेस थोडी वाढवतो, आणखी एक स्क्रू अंदाजाने फिरवतो, "आता नाही येणार प्रॉब्लेम" म्हणतो आणि आपण पैसे देऊन घरी येतो. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावायचा आणि वर गोळीही द्यायची, त्यातला हा प्रकार.

यात मेकॅनिकचाच सगळा दोष आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे रात्री गाडी ठेवायला जागा नसते, आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या दारात चार जण उभे असतात. "गाडी राहू दे, उद्या सकाळी बघतो" असं तो म्हणाला तर आपल्यालाच पटत नाही. गाडी संध्याकाळी हवीच असते. पण रेस वाढवून दुखणं झाकण्याचा हा जो उपाय आहे, तो मला नुसता निरुपयोगी नाही, धोक्याचा वाटतो.

धोक्याचा का, ते आमच्या अण्णांच्या गाडीवरून सांगतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, निफाडजवळच्या आमच्या गावी असतात. निफाडची थंडी माहीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको. बाकी महाराष्ट्र स्वेटर शोधत असतो तेव्हा तिथे लोक द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. अण्णांची गाडी २००४ सालची, शंभर सीसीची. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी पाच-पाच वर्षांनी दोनदा वाढवून घेतलेली. सकाळी गल्लीतून मोठ्या रस्त्यावर वळताना नेमकी ती बंद पडायची. त्या दिवसांत लासलगावच्या बाजाराला निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर पहाटेपासून त्या रस्त्याने जातात. त्यात मेकॅनिकने रेस चढवून दिलेली, त्यामुळे बाजारातून परत येईपर्यंत गरम झालेलं इंजिन अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी खाली यायचं नाही, गाडी पुढेच ओढायची. पंचाहत्तरीच्या माणसाला सकाळी बंद पडणारी आणि दुपारी न थांबणारी गाडी! घरात सगळ्यांचं एकमत झालं: गाडी म्हातारी झाली, विकून टाका. धाकट्या भावाने गिऱ्हाईकसुद्धा बघितलं. बोलण्यात फक्त गाडीचं नाव होतं, पण गाडी गेली की अण्णांचं एकट्याने कुठेही जाणं संपणार, हे अण्णांसकट सगळ्यांना कळत होतं.

"गाडी म्हातारी झाली" या वाक्याचा मला राग येतो. हे निदान नव्हे. ही हात झटकायची सोय आहे.

आता थोडं इंजिनाबद्दल. पेट्रोल जळतं ते वाफ होऊन. थंड इंजिनात त्याची नीट वाफ होत नाही, बरंचसं पेट्रोल आत जाताना वाटेतच भिंतींना चिकटून राहतं. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावं लागतं, आणि चोक असतो तो त्यासाठी. काही गाड्यांत चोक हवेचं तोंड झाकतो, काहींत पेट्रोलची एक जादा वाट उघडतो. काम एकच. इंजिन तापलं की चोक बंद करायचा. त्यानंतर गाडी उभी असताना आणि अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम पाव फिरवलेला असताना पेट्रोल मुख्यतः एका इवल्याशा जेटमधून येतं. त्याला पायलट जेट म्हणतात, आमच्याकडचे मेकॅनिक स्लो जेट म्हणतात. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडतं आणि मागे चिकट थर राहतो. तो आधी या भोकात बसतो. गरम इंजिन कमी पेट्रोलवर निभावून नेतं, थंड इंजिन नाही. म्हणून ज्यांची गाडी आठवड्यातून दोनदाच निघते, अशा म्हाताऱ्या माणसांच्या गाड्यांना हा त्रास जास्त. गाडीचं वय त्यात दुय्यम आहे.

हल्ली या सगळ्याचं खापर इथेनॉलवर फोडायची पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. वीस टक्के मिसळलं की हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या जुन्या जेटमधून येणारं इंधन आठेक टक्क्यांनी कमी पडतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीच पट उष्णता लागते, थंडीत हे जाणवणारच. नव्या गाडीत सेन्सर आणि इंजेक्टर मिळून हे सांभाळून घेतात. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. जुन्या गाडीला मात्र आपलं पोट बदललंय हे कळायचा मार्ग नाही, ते कुणीतरी स्क्रूने तिला सांगावं लागतं. पण म्हणून इथेनॉलच्या नावाने बोटं मोडत बसलं तर तुंबलेला जेट मोकळा होत नाही. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर यायला २०२३ साली सुरुवात झाली. सकाळी खोकणाऱ्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत!

मी सुट्टीत गावी गेलो तेव्हा अण्णांची गाडी एका दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याचं घर आणि गॅरेज एकाच आवारात. "रात्रभर राहू द्या, सकाळी सात वाजता या, माझ्याआधी कुणी किक मारायची नाही," एवढंच तो म्हणाला. माझं निम्मं काम तिथेच झालं असं मी मानतो. सकाळी त्याने आधी सायलेन्सरला हात लावून गाडी थंडगार असल्याची खात्री केली. चोक ओढून किक मारली, गाडी चालली. चोक सोडला की बंद. पाच मिनिटं चालवूनही चोक सोडला की बंद. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फालतू हवा शिरतेय. (उलट, चोक ओढल्यावर गाडी आणखी गुदमरली असती, प्लग काळाकुट्ट निघाला असता, तर पेट्रोल जास्त जातंय असं समजायचं. ही साधी परीक्षा कुणालाही घरी करता येते.) मग प्लग काढून दाखवला. टोकाला पांढराफटक. विटकरी-तपकिरी हवा होता.

कार्बोरेटर उघडला तर स्लो जेट धरून दिव्यासमोर नेल्यावर पलीकडे काहीच दिसेना. त्याने क्लीनर मारला, कॉम्प्रेसरची हवा मारली आणि उरलेला कचरा विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार घेऊन काढला. सुई किंवा टाचणी घालायची नाही, पोलादाने भोक मोठं होतं आणि मग ती गाडी कायमची पेट्रोल पीत बसते. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबराला बारीक चीर होती, तेही बदललं. शेवटी, गाडी तशीही थंड आहेच म्हणून, टॅपेट तपासले. एक इतका घट्ट होता की फिलर गेजची पातळ पट्टीही आत जाईना. टॅपेट घट्ट असला की थंड इंजिनात व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब निसटतो. अशा अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात गरम झाल्यावर ही फट थोडी वाढते, त्यामुळे दुखणं आपोआप लपतं. गरम गाडीवर हे सात जन्मांत सापडलं नसतं.

इंजिन पुरतं तापल्यावर मात्र त्याने हवेचा स्क्रू लावला. निदान थंडपणी, सेटिंग गरमपणी. आणि हा स्क्रू कुठे आहे ते बघूनच फिरवायचा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत पिळल्यावर पेट्रोलचं प्रमाण वाढतं, इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर. दोन्हीला एकच नियम लावणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या गाड्याही. मग रेस खाली आणली.

सगळे मिळून सातशे रुपये झाले. भावाने बघितलेल्या गिऱ्हाइकाला नकार कळवायचं काम त्याच्याचकडे आलं.

आता अण्णांची गाडी थंडीत दोन मिनिटं चोकवर चालते, मग निघते. इतपत नखरा कार्बोरेटरच्या कुठल्याही गाडीचा असायचाच. निघण्यापूर्वी मी अण्णांना बजावलं, की चार-आठ दिवस बाहेर काढायची नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि वाटीतलं पेट्रोल संपून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे जेट तुंबणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आठ-आठ दिवस घरी बसायचं असतं तर गाडी विकलीच असती की."